खात्रीचे कुलूप : अर्देशिर गोदरेज यांचे कार्य

मध्य रेल्वेच्या धीम्या लोकलने घाटकोपरहून मुलुंडच्या दिशेने निघालात, की पुढचेच स्थानक विक्रोळी. तेथे पिरोजशानगर नावाची एक मोठी औद्योगिक वसाहत आहे. पूर्वेला ठाण्याच्या खाडीलगत तिवरांचे दाट जंगल आहे. या वसाहतीचे नाव तुम्हांला कदाचित ठाऊक नसेल. पण तिच्या मालकांचे आडनाव तुमच्या घरातच असण्याचा संभव आहे. आपल्याकडे लोखंडी कपाटाला कित्येक घरांत 'कपाट' म्हणतच नाहीत. 'दागिने गोदरेजमध्ये ठेव', 'गोदरेजची किल्ली कुठे गेली?' असेच म्हणतात. एखाद्या माणसाचे आडनाव वस्तूचे नाव होऊन बसावे, असे फार थोड्या संशोधकांच्या वाट्याला येते.

हा संशोधक म्हणजे अर्देशिर गोदरेज. कुलूप आणि तिजोरी या दोन सुरक्षा-साधनांवर त्यांनी आयुष्याचा मोठा काळ खर्च केला. या दोन्ही वस्तूंची एक गंमत आहे. पंखा फिरतो की नाही, दिवा लागतो की नाही, हे विकत घेताना लगेच दिसते. पण कुलूप चांगले आहे की नाही, हे चोर येईपर्यंत कळत नाही; आणि तिजोरी आगीत टिकेल की नाही, हे आग लागेपर्यंत कळत नाही. तोपर्यंत आपण विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबून असतो. मग तो शब्द खरा कशावरून? अर्देशिरांचे सारे काम या एका प्रश्नाभोवती फिरते.

वकिली सोडलेला तरुण

अर्देशिरांचा जन्म १८६८ साली मुंबईतील एका पारशी कुटुंबात झाला. शिक्षणाने ते वकील झाले. १८९४ साली एका खटल्याच्या कामासाठी ते पूर्व आफ्रिकेतील झांजिबारला गेले. तेथे खटला चालू असताना त्यांच्या लक्षात आले, की आपल्या अशिलाच्या बाजूने जे सांगायचे आहे त्यातील एक गोष्ट सिद्ध करता येण्याजोगी नाही. जे सिद्ध करता येत नाही ते सत्य म्हणून मांडायला त्यांनी नकार दिला. खटला सोडून ते मुंबईला परतले आणि वकिलीलाही त्यांनी कायमचा रामराम ठोकला.

मुंबईत त्यांनी काही काळ एका औषधविक्रेत्याकडे साहाय्यकाचे काम केले. तेथे शस्त्रक्रियेची उपकरणे त्यांच्या पाहण्यात आली. ही उपकरणे परदेशातून येत. ती येथेच का करू नयेत, असे त्यांना वाटले. त्यांच्या वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांच्याकडून ३,००० रुपये कर्ज घेऊन त्यांनी ती बनवण्यास सुरुवात केली. उपकरणे चांगली झाली होती. मात्र ती विकणारी इंग्रज पेढी 'भारतात तयार झालेले' असा शिक्का त्यांवर मारू देईना. अर्देशिर शिक्क्यावाचून माल द्यायला तयार होईनात. अखेर तो धंदा बंद पडला.

पहिला व्यवसाय त्यांनी सोडला, दुसरा बुडाला. पुढे काय करावे या विचारात असताना मुंबईतील वाढत्या घरफोड्यांची बातमी त्यांच्या वाचनात आली. लोकांनी अधिक चांगली कुलपे वापरावीत, असा पोलीस आयुक्तांचा सल्लाही तीत होता. तो काळ ध्यानात घ्या. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली होती आणि असंख्य कुटुंबे घरांना कुलपे लावून गावोगावी निघून गेली होती. बंद घराचे रक्षण करणारे एकच साधन, ते म्हणजे दारावरचे कुलूप. अर्देशिरांना त्यांचे काम सापडले.

लालबागची शेड

१८९७ साली लालबाग येथे, गॅस कंपनीच्या जवळ, सुमारे २१५ चौरस फुटांच्या एका शेडमध्ये त्यांनी कुलपांचा कारखाना सुरू केला. ही जागा किती लहान होती याचा अंदाज हवा असेल तर तुमच्या वर्गाची लांबी-रुंदी फुटांत मोजून गुणाकार करा. बहुतेक वर्गखोल्या हिच्यापेक्षा मोठ्या असतात. कामाला बारा कारागीर होते. पहिल्या कुलपांवर 'अँकर', म्हणजे नांगर, हा छाप होता. प्रत्येक कुलपाबरोबर एक हमी दिली जाई : याची किल्ली दुसऱ्या कुलपाला लागणार नाही आणि दुसऱ्याची किल्ली याला लागणार नाही.

आज ही हमी साधी वाटते. पण त्या वेळी बाजारात मिळणाऱ्या अनेक स्वस्त कुलपांबद्दल असे म्हणता येत नसे. का ते समजण्यासाठी आपल्याला कुलपाच्या पोटात डोकावले पाहिजे.

कुलपाच्या पोटात

कोणत्याही कुलपात एक पुढे-मागे सरकणारा तुकडा असतो. त्याला बोल्ट म्हणतात. किल्ली फिरवली की बोल्ट सरकतो आणि कुलूप लागते किंवा उघडते. आता प्रश्न असा, की योग्य किल्लीनेच बोल्ट सरकावा आणि इतर कशानेही सरकू नये, हे कसे साधायचे?

जुन्या कुलपांत यासाठी किल्लीच्या वाटेत नुसत्या आडकाठ्या ठेवलेल्या असत. किल्लीला त्या आडकाठ्यांच्या जागी खाचा पाडलेल्या असत, म्हणून ती अडखळत नसे. पण यात एक मोठी उणीव आहे. किल्लीचा मधला सगळा भाग कापून टाकून फक्त टोक शिल्लक ठेवले, तर ती कुठेच अडत नाही. अशी एक गुरुकिल्ली केली, की त्या जातीची बहुतेक कुलपे उघडतात. चोरांना हे चांगले ठाऊक होते.

यावरचा उपाय १७७८ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरन याने शोधला. त्याने कुलपात वर-खाली हलणाऱ्या पट्ट्या बसवल्या. त्यांना आपण लिव्हर म्हणतो. तुमच्या घरच्या कुलपावर '६ लिव्हर' किंवा '७ लिव्हर' असे कोरलेले असते, ते हेच. प्रत्येक लिव्हर एका खिळ्याभोवती थोडासा वर-खाली फिरतो आणि एक छोटी स्प्रिंग त्याला खाली दाबून ठेवते. लिव्हरमध्ये एक अरुंद खाच असते. बोल्टवर एक खुंटी असते. सर्व लिव्हरांच्या खाचा एका रेषेत आल्या तरच ही खुंटी त्यांतून पार जाते आणि बोल्ट सरकतो.

किल्लीचे दाते निरनिराळ्या उंचीचे का असतात, हे आता तुमच्या लक्षात आले असेल. प्रत्येक दाता आपापल्या लिव्हरला ठरलेल्या उंचीपर्यंत उचलतो. एखादा लिव्हर कमी उचलला गेला तर खुंटी अडते. जास्त उचलला गेला तरीही अडते. गुरुकिल्लीची युक्ती येथे चालत नाही, कारण दाता कापून टाकला तर लिव्हर उचललाच जात नाही.

आता थोडे गणित करू. समजा, प्रत्येक दात्याच्या ५ वेगवेगळ्या उंची ठेवता येतात. एकच लिव्हर असेल तर ५ प्रकारच्या किल्ल्या होतील. दोन लिव्हर असतील तर ५ × ५ म्हणजे २५. सहा लिव्हरांच्या कुलपात ५ हा आकडा सहा वेळा गुणायचा. उत्तर येते १५,६२५. एक लिव्हर वाढवला की ही संख्या ७८,१२५ होते. सर्व दाते सारखेच असलेल्या किल्ल्यांसारखी काही सोपी जुळणी कारखानदार वगळतात, म्हणून प्रत्यक्षातील संख्या थोडी कमी भरते. तरीही एक लिव्हर वाढवल्याने सुरक्षितता पाचपट होते, ही गोष्ट मोठी आहे. पण एक अट आहे. प्रत्येक खाच आणि प्रत्येक दाता अगदी काटेकोर मापाचा हवा. खाच थोडी ऐसपैस कापली, तर शेजारच्या उंचीचा दाताही चालून जातो, आणि १५,६२५ हा आकडा कागदावरच राहतो. अर्देशिरांनी दिलेल्या हमीचे खरे मोल या काटेकोरपणात होते.

कुलूप उघडून दाखवणारा पाहुणा

काटेकोर कुलूपही अभेद्य असते का? १८५१ साली लंडनमध्ये भरलेल्या जागतिक प्रदर्शनात या प्रश्नाचे उत्तर मिळाले. जोसेफ ब्रामा याने १७८४ साली पेटंट घेतलेले एक कुलूप त्याच्या दुकानाच्या खिडकीत अनेक वर्षे ठेवलेले होते. ते उघडून दाखवणाऱ्यास २०० गिनींचे बक्षीस जाहीर केलेले होते. जेरेमाया चब याने १८१८ साली तयार केलेले लिव्हर कुलूपही असेच नावाजलेले होते. प्रदर्शनासाठी अमेरिकेहून आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज नावाच्या कारागिराने चबचे कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडले. ब्रामाच्या कुलपाने त्याला दाद दिली नाही; त्यावर त्याने १६ दिवसांत मिळून ५१ तास काम केले आणि अखेर तेही उघडले.

इंग्लंडमध्ये मोठी खळबळ उडाली. पण या खळबळीतून चांगलेच निष्पन्न झाले. आपल्या कुलपात कोठे उणीव आहे हे कारखानदारांना कळले आणि पुढील कुलपे अधिक चांगली झाली. कुलूप किती मजबूत दिसते, यावरून त्याची परीक्षा होत नाही. जाणकार माणसाने ते फोडण्याचा मनापासून प्रयत्न केला आणि त्याला किती वेळ लागला, हीच त्याची परीक्षा.

अर्देशिरांनी केलेल्या सुधारणा

अर्देशिर हे जाणून होते. ते स्वतःच्या कुलपाकडे चोराच्या नजरेने पाहत आणि उणिवा शोधत.

पहिली उणीव स्प्रिंगांची. लिव्हर खाली दाबणाऱ्या त्या नाजूक स्प्रिंगा हा कुलपातील सर्वांत कच्चा भाग असतो. एक जरी स्प्रिंग तुटली किंवा गंजून आखडली, तरी स्वतःच्या किल्लीनेही कुलूप उघडत नाही. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत तर लोखंड लवकर गंजते. अर्देशिरांनी स्प्रिंग नसलेले कुलूप तयार करून त्याचे पेटंट घेतले. जो भाग नसतोच तो बिघडतही नाही, हे यंत्ररचनेतील एक उत्तम तत्त्व आहे.

दुसरी सुधारणा 'डिटेक्टर' जातीच्या कुलपाची. चबच्या कुलपातही ही कल्पना होती. कोणी चुकीच्या किल्लीने खटपट केली, तर आतील एक भाग अडकून बसतो. मालकाने आपली किल्ली लावली की त्याला ती नेहमीसारखी फिरत नाही, आणि आपल्यामागे कोणीतरी हात चालवला हे त्याला कळते. म्हणजे हे कुलूप चोराला अडवते आणि त्याची चहाडीही करते.

तिसरे कुलूप 'गॉर्डियन' नावाचे. एका ग्रीक कथेत कोणालाच न सुटणारी एक गाठ आहे, तिच्यावरून हे नाव दिले होते. या कुलपाला दोन किल्ल्या असत. दोन्हींनी ते उघडे. मात्र त्यांपैकी एका किल्लीने आतील रचना बदलता येई आणि तसे केले की दुसरी किल्ली निरुपयोगी होई. समजा, पेढीच्या मालकाने एक किल्ली कारकुनाकडे दिली आहे आणि ती हरवली. नवे कुलूप आणण्याची गरज नाही. मालक आपल्या किल्लीने हरवलेली किल्ली बाद करू शकतो. आज आपण मोबाइलचा किंवा संगणकाचा पासवर्ड बदलतो, त्यामागची कल्पना हीच नाही का?

तिजोरीचे दोन शत्रू

१९०२ च्या सुमारास अर्देशिर तिजोरीकडे वळले. येथे अडचण दुप्पट होती. कुलपाला एकच शत्रू, चोर. तिजोरीला दोन शत्रू असतात, चोर आणि आग. आणि एकावरचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही.

चोराला अडवायचे तर जाड पोलाद हवे. सांधे जितके कमी तितके चांगले, कारण पहार घालायला चोर सांधाच शोधतो. दाराच्या कडांतून चौकटीत शिरणारे बोल्टही हवेत, म्हणजे बाहेरील बिजागऱ्या तोडल्या तरी दार निघत नाही. पण असे नुसते जाड पोलाद आगीत ठेवले तर काय होईल? पोलाद उष्णतेचे सुवाहक आहे. बाहेरची उष्णता ते आत पोहोचवते, आणि सुमारे २३० अंश सेल्सिअसला कागद पेट घेतो. त्याआधीच तो काळवंडून ठिसूळ होऊ लागतो. चोर हरला तरी दस्तऐवजांची राख होणारच.

मग उष्णता अडवायची कशी? याचे उत्तर तुमच्या स्वयंपाकघरातच आहे. ते शोधण्यासाठी दोन प्रयोग करू. दोन्ही प्रयोग घरातील मोठ्या माणसांच्या देखतच करा.

प्रयोग पहिला : जाड, साध्या कागदाची घडी घालून एक छोटी डबी करा. तीत निम्म्याहून अधिक पाणी भरा आणि चिमट्याने धरून मेणबत्तीच्या ज्योतीवर न्या. ज्योत पाणी असलेल्या भागालाच लागेल असे पाहा. पाणी गरम होईल, कदाचित उकळेलही, पण कागद जळणार नाही. पाणी १०० अंशांना उकळते आणि ते सगळे संपेपर्यंत त्याचे तापमान यापेक्षा वाढत नाही. ज्योतीची उष्णता कागदातून पाण्यात जाते आणि पाण्याची वाफ करण्यात खर्च होते.

प्रयोग दुसरा : तुरटीचा एक खडा घ्या आणि त्याचे वजन करा. एका जुन्या लोखंडी तव्यावर तो मंद आचेवर तापवा. तुरटी वितळेल, बुडबुडे येतील, वाफ निघेल आणि शेवटी पांढरी, हलकी, फुललेली तुरटीची लाही उरेल. थंड झाल्यावर पुन्हा वजन करा. ते बरेच कमी झालेले आढळेल.

कोरड्या ठणठणीत दिसणाऱ्या खड्यातून पाणी कोठून आले? तुरटीच्या स्फटिकाच्या रचनेतच पाण्याचे रेणू बांधलेले असतात. त्याला स्फटिकजल म्हणतात. १०० ग्रॅम तुरटीत सुमारे ४५ ग्रॅम पाणी असते. जिप्सममध्येही असे पाणी असते, १०० ग्रॅममध्ये सुमारे २१ ग्रॅम.

एकोणिसाव्या शतकातील तिजोरी-कारागिरांनी या गुणाचा मोठ्या हुशारीने उपयोग केला. त्यांनी तिजोरीची भिंत दुहेरी केली आणि मधल्या पोकळीत तुरटीसारखे, पाणी धरून ठेवणारे पदार्थ भरले. एरवी ही भिंत कोरडी असते; कागदांना ओल लागत नाही. आग लागली की भिंतीतील स्फटिकजल सुटते, त्याची वाफ होते आणि उष्णता त्यात खर्च होते. ती वाफ निघून जाईपर्यंत आतील तापमान फार चढत नाही.

किती उष्णता अशी अडते? १ ग्रॅम पाण्याला ३० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवायला ७० कॅलरी लागतात, पण त्याची वाफ करायला आणखी ५४० कॅलरी लागतात. एकूण झाल्या ६१०. समजा, भिंतीत १० किलोग्रॅम तुरटी आहे. तिच्यात साडेचार किलोग्रॅम पाणी असेल. ते सुमारे २,७०० किलोकॅलरी उष्णता गिळेल. एवढ्या उष्णतेत जवळजवळ ३९ लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत तापवता आले असते!

हे गणित आणखी एक गोष्ट सांगते. पाणी संपले की संरक्षणही संपते. म्हणून प्रामाणिक कारखानदार 'ही तिजोरी आगीत कधीच जळणार नाही' असे म्हणत नाही. तो 'एक तास टिकेल', 'दोन तास टिकतील' असे सांगतो. आजच्या एका प्रचलित चाचणीत तिजोरी भट्टीत ठेवतात. एका तासात भट्टीचे तापमान सुमारे ९२७ अंश सेल्सिअसपर्यंत चढवतात, आणि तेवढ्या वेळात आतील तापमान १७७ अंशांवर जाता कामा नये. काही चाचण्यांत तापलेली तिजोरी सुमारे ९ मीटर उंचीवरून खाली टाकतात, कारण जळत्या इमारतीचा मजला कोसळला तर तिजोरीही कोसळणारच. कागदासाठी बनवलेल्या तिजोरीत संगणकाच्या डिस्क मात्र सुरक्षित राहतील असे समजू नका. त्यांच्यासाठी आतील तापमान ५२ अंशांच्या खाली राहावे लागते.

साबण, स्वराज्य निधी आणि नाशिक

अर्देशिरांचे धाकटे बंधू पिरोजशा यांनी कारखान्याचा व्याप सांभाळला आणि वाढवला. कंपनीच्या नावातील 'बॉइस' हे एका भागीदाराचे नाव. तो भागीदार थोड्याच काळात बाहेर पडला, पण नाव तसेच राहिले. १९२३ साली कंपनीने पोलादी कपाटे बनवण्यास प्रारंभ केला.

अर्देशिरांचे मन एका शोधावर फार काळ थांबत नसे. त्या वेळी साबणात बहुधा प्राण्यांची चरबी असे. त्यांनी वनस्पतिजन्य तेलांपासून साबण तयार केला. १९१८ साली बाजारात आलेल्या त्यांच्या कपड्यांच्या साबणाचे नाव होते 'चावी'. कुलपांशी असलेले नाते त्यांनी साबणावरही सोडले नाही. १९२१ साली टिळक स्वराज्य निधीला त्यांनी ३ लाख रुपये दिले. त्या काळी ही रक्कम फारच मोठी होती. पुढे सर्व कारभार पिरोजशांच्या हाती सोपवून ते नाशिकला शेतीचे प्रयोग करण्यात रमले. १९३६ साली त्यांचे निधन झाले.

१४ एप्रिल १९४४

अर्देशिरांच्या तिजोऱ्यांची सर्वांत कठोर परीक्षा त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी झाली. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकिन' या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटकेही होती. दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासात दुसरा. गोदी उद्ध्वस्त झाली, आसपासच्या वखारी आणि वस्त्या पेटल्या, शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. आग विझवताना अग्निशामक दलाच्या ६६ जवानांनी प्राण गमावले. त्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी १४ एप्रिल हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतो.

आगी कित्येक दिवस धुमसत होत्या. त्या विझल्यावर राखेच्या ढिगाऱ्यांतून तिजोऱ्या बाहेर काढण्यात आल्या. गोदरेजच्या तिजोऱ्या बाहेरून होरपळलेल्या होत्या, पण आतील कागदपत्रे शाबूत निघाली. कोणत्याही जाहिरातीने जे पटवता आले नसते ते या दुर्दैवी आगीने दाखवून दिले.

येथे एक सूचना लक्षात ठेवा. आगीतून निघालेली तिजोरी लगेच उघडायची नसते. आतील कागद तापलेले असतात, आणि दार उघडताच ताजी हवा आत शिरून ते पेट घेऊ शकतात. तिजोरी पुरती निवेपर्यंत थांबावे लागते.

विक्रोळीच्या मतपेट्या

याच दशकात पिरोजशांनी विक्रोळीची जमीन घेतली आणि कारखाना तेथे नेण्यास सुरुवात केली. त्या वेळी विक्रोळी हा मुंबईबाहेरचा, बराचसा दलदलीचा आणि झाडीचा भाग होता. या नव्या कारखान्याकडे लवकरच एक वेगळेच काम आले. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी असे, त्यामुळे देशभर लाखो पोलादी पेट्या लागणार होत्या. त्यांपैकी सुमारे १२ लाख ८३ हजार पेट्या विक्रोळीत तयार झाल्या.

मतपेटी हेही एक सुरक्षा-साधनच आहे. तिच्यात सोने नसते की दागिने नसतात. पण आपण टाकलेली चिठ्ठी मोजणीपर्यंत कोणी काढली नाही, कोणी बदलली नाही, ही खात्री तिने द्यायची असते. त्या निवडणुकीत मतदारांपैकी बहुसंख्य लोक आयुष्यात प्रथमच मत देत होते. पेटी पक्की आहे असे त्यांना वाटले नसते, तर निकालावर त्यांनी विश्वास तरी कसा ठेवला असता?

झांजिबारच्या न्यायालयात अर्देशिरांनी जे सिद्ध होत नाही ते बोलायला नकार दिला होता. कुलपे आणि तिजोऱ्या करताना त्यांनी तोच नियम पाळला : आधी परीक्षा, मग हमी. तुमच्यापैकी कोणी पुढे एखादे सुरक्षा-साधन तयार केले, मग ते शिरस्त्राण असो, विजेचे फ्यूज असो की संगणकाची आज्ञावली असो, तर 'हे टिकेल' असे म्हणण्यापूर्वी ते मोडण्याचा प्रयत्न आधी स्वतःच करा. त्यावर विसंबणाऱ्याला ती संधी मिळत नसते.

स्वतः करून पाहा

१. जाड पुठ्ठ्याच्या चार सारख्या पट्ट्या कापा. प्रत्येकीत आगकाडी जेमतेम जाईल अशी एक खाच पाडा, पण चारही खाचा वेगवेगळ्या उंचीवर ठेवा. पट्ट्यांची टोके एका टाचणीने एकत्र ओवा, म्हणजे त्या स्वतंत्रपणे वर-खाली हलतील. आता आगकाडी चारही खाचांतून पार जावी यासाठी कोणती पट्टी किती उचलावी लागते ते मोजा. त्या मापांवरून पुठ्ठ्याची किल्ली तयार करा.

२. तीच किल्ली मित्राच्या कुलपाला लागते का ते पाहा. लागली, तर दोष किल्लीत आहे की खाचांच्या मापात, ते शोधा.

३. सात लिव्हरांच्या कुलपात प्रत्येक दात्याच्या ४ उंची शक्य असतील, तर एकूण किती किल्ल्या होतील? त्यांपैकी सर्व दाते समान असलेल्या किती?

४. १० किलोग्रॅम तुरटीऐवजी १० किलोग्रॅम जिप्सम वापरले, तर किती उष्णता शोषली जाईल? लेखातील आकडे वापरून उत्तर काढा.